शांततेची मोजदाद

पूल बांधून पुरा झाला कीं नाहीं, हें पाहण्यास डोळे पुरतात. गांवांतील वैर निवळलें कीं नाहीं, हें ओळखण्याचें साधन मात्र सहजासहजीं हातीं लागत नाहीं. म्हणून शांततेच्या कार्याचे अहवाल पुष्कळदां किती सभा भरल्या, किती माणसें जमलीं, एवढ्यावरच थांबतात. ही झाली देखरेख. काम ठरल्याप्रमाणें चाललें आहे, इतकेंच तिच्यावरून कळतें. त्या कामानें लोकांच्या जीवनांत काय पालटलें, हा प्रश्न मूल्यमापनाचा. या दोहोंतील अंतर पश्चिम आफ्रिकेंतील सिएरा लिओन देशाच्या उदाहरणावरून चांगलें ध्यानांत येतें.

तेथें १९९१ पासून २००२ पर्यंत यादवी युद्ध चाललें आणि अंदाजें ५०,००० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. युद्ध थांबल्यावर अत्याचार करणारे व ते सोसणारे यांस पुष्कळ ठिकाणीं एकाच गांवांत नांदावें लागलें. 'फांबुल टोक', म्हणजे कुटुंबांतील बोलणें, या नांवाच्या तेथील संस्थेनें गांवोगांव शेकोटीभोंवतीं मेळावे भरविले. पीडितानें सर्वांसमक्ष आपली व्यथा सांगावी, अपराध्यानें दोष कबूल करून क्षमा मागावी, असा हा विधि.

जेकोबस सिलियर्स, ओइंद्रिला दुबे व बिलाल सिद्दिकी या अर्थशास्त्रज्ञांनीं या कार्याची परीक्षा केली. त्यांनीं २०० गांवें घेतलीं. चिठ्ठ्या टाकाव्या त्याप्रमाणें त्यांतील १०० गांवें मेळाव्यांसाठीं निवडलीं. उरलेलीं तुलनेसाठीं ठेविलीं. ही तुलना अत्यंत आवश्यक होती. काळानें जखमा आपोआपही भरतात. तेव्हां काळाचें श्रेय विधीच्या पदरीं पडूं नये, यासाठीं विधि न झालेलीं गांवेंही पाहावीं लागतात. मेळाव्यानंतर ९ महिन्यांनीं आणि पुन्हां ३१ महिन्यांनीं पाहणी झाली.

२०१६ सालीं 'सायन्स' नियतकालिकांत प्रसिद्ध झालेला निष्कर्ष दुहेरी होता. मेळावे झालेल्या गांवीं क्षमावृत्ति वाढली, पूर्वींच्या लढवय्यांवरील विश्वास वाढला, सार्वजनिक कामांस लोक अधिक हातभार लावूं लागले. परंतु त्याच गांवीं खिन्नता, चिंता व युद्धाच्या आघातानें जडलेली मनोव्यथा हींही वाढलीं. जुन्या आठवणी उकरल्या गेल्या आणि मन पूर्ववत् झालें नाहीं. दोन्ही परिणाम ३१ महिन्यांनंतरही टिकून होते.

केवळ 'क्षमा केली काय?' एवढेंच विचारलें असतें, तर हें कार्य सर्वस्वीं यशस्वी ठरलें असतें. गांवाला मिळालेल्या सलोख्याचें मोल कांहीं व्यक्तींनीं आपल्या मनःस्वास्थ्यानें चुकविलें, ही गोष्ट दुसऱ्या प्रश्नावांचून उजेडांत आली नसती. ती कळल्यामुळेंच अशा मेळाव्यांस मानसिक उपचारांची जोड द्यावी काय, हा विचार पुढें आला. म्हणून शांततेच्या कार्याची पाहणी करणारानें लाभाबरोबर हानीचाही प्रश्न कामाच्या आरंभींच आपल्या यादींत लिहून ठेवावा, आणि मेळाव्याची शेकोटी विझल्यावर वर्षां-दोन वर्षांनीं तो विचारण्यासाठीं पुन्हां त्या गांवीं जावें.