श्वानपालन, धाराशिव जिल्ह्यातील

श्वानपालन : (कुत्र्यांची निवड व प्रशिक्षण). राखण, सोबत वा अन्य कामासाठी कुत्रा निवडणे, त्याचे संगोपन करणे आणि त्यास माणसांच्या व जनावरांच्या सहवासात वागावयास शिकविणे यांचा श्वानपालनात समावेश होतो. कुत्र्याची निवड त्याच्या रूपावरून वा जातीच्या लौकिकावरून न करता त्याच्याकडून अपेक्षित असलेले काम, स्थानिक हवामान आणि पालकास रोज देता येणारा वेळ या तीन गोष्टींवरून करावी, हे श्वानपालनाचे मुख्य तत्त्व होय. महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे नाव उस्मानाबाद) जिल्ह्यात हे तत्त्व विशेष स्पष्टपणे दिसून येते. कोरडवाहू शेती, शेतात एकटी वसलेली घरे, शेळीपालन आणि कडक उन्हाळा ही येथील परिस्थिती असून ती सर्वच जातींच्या कुत्र्यांना मानवत नाही.

पार्श्वभूमी : कुत्रा हा माणसाने माणसाळविलेला सर्वांत जुना प्राणी आहे. लांडग्यांच्या एका प्राचीन, आता नष्ट झालेल्या वंशापासून तो किमान १५,००० वर्षांपूर्वी निर्माण झाला, असे मानतात. दख्खनच्या लोकजीवनात त्यास शिकारी व राखणदार म्हणून तसेच दैवताचा सहचर म्हणूनही स्थान आहे. खंडोबाच्या मूर्तिविधानात घोड्याबरोबर कुत्राही आढळतो. त्याचे भक्त असलेले वाघ्ये स्वतःस देवाचे कुत्रे मानतात आणि कोटंबा नावाच्या पात्रातील नैवेद्य कुत्र्याप्रमाणे खाण्याचा विधीही करतात. खंडोबाचे प्रसिद्ध स्थान असलेली अणदूर व नळदुर्ग ही गावे ह्याच जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात आहेत.

मराठवाड्याच्या माळरानावर ससा व हरिण यांचा पाठलाग करून शिकार करण्यासाठी वेगवान कुत्रे पाळण्याची प्रथा होती. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमानंतर अशी शिकार गुन्हा ठरली. काळवीट व चिंकारा यांना ह्या कायद्याचे कडक संरक्षण आहे आणि सशाची शिकारही निषिद्ध आहे. परिणामी शिकारी कुत्र्याचे मूळ काम संपले. त्याची पळण्याची व पाठलागाची उपजत प्रवृत्ती मात्र कायम राहिली. काम उरले नाही आणि प्रवृत्ती उरली, ही अवस्था अनेक जातींच्या बाबतीत आढळते आणि निवडीतील बहुतेक चुका तिच्याकडे दुर्लक्ष केल्यामुळे होतात.

स्थानिक कुत्रे : जिल्ह्यातील बहुसंख्य कुत्रे गावठी आहेत. मध्यम बांधा, आखूड केस, उभे वा अर्धवट दुमडलेले कान आणि वर वळलेली शेपटी ही त्यांची सर्वसाधारण लक्षणे होत. माणसाने ठरवून केलेली पैदास नसल्यामुळे त्यांच्यात काही विशिष्ट जातींतील आनुवंशिक व्यंगे कमी आढळतात. ते उष्णता सहन करतात, थोड्या खुराकावर भागवितात आणि अनोळखी हालचालींबाबत सावध असतात.

कारवान किंवा कारवानी कुत्रा लातूर, धाराशिव, सोलापूर ह्या भागांत आणि लगतच्या कर्नाटकात आढळतो. लातूर हा १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होता. लांब व निमुळते डोके, खोल छाती, आत ओढलेले पोट आणि लांब पाय यांमुळे हा कुत्रा सहज ओळखता येतो. त्याची खांद्यापाशी उंची सु. ६५ ते ७२ सेंमी. व वजन सु. २० ते २८ किग्रॅ. असते. तो वासापेक्षा नजरेवर अधिक अवलंबून असतो. कान व शेपटी यांवर लांब केस असलेल्या प्रकारास पश्मी म्हणतात. मुधोळ (कर्नाटक) येथील कुत्रा ह्याच गटातील असून मुधोळ संस्थानचे मालोजीराव घोरपडे यांनी त्याच्या संवर्धनास चालना दिली. भारतीय डाक विभागाने २००५ मध्ये चार भारतीय जातींच्या कुत्र्यांची टपाल तिकिटे काढली, त्यांत मुधोळचा समावेश होता. पुढे कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने तमिळनाडूतील राजपालयम व चिप्पिपराई यांबरोबर मुधोळची अधिकृत जात म्हणून नोंद केली.

विदेशी जातींपैकी अल्सेशियन (जर्मन शेफर्ड), लॅब्रॅडॉर, डॉबरमन आणि पॉमरेनियनसदृश लहान कुत्रे शहरी भागांत पाळले जातात.

निवड : कुत्र्याच्या अंगाला माणसाप्रमाणे घाम येत नाही, धापा टाकून जिभेवाटे व तोंडावाटे होणाऱ्या बाष्पीभवनाने तो शरीर थंड ठेवतो. धाराशिव जिल्ह्यात एप्रिल–मे महिन्यांत दिवसाचे तापमान अनेकदा ४०° से. च्या वर जाते. त्यामुळे दाट लोकरीसारख्या केसांचे सायबीरियन हस्की वा सेंट बर्नार्ड आणि चपट्या नाकाचे पग वा बुलडॉग यांना येथे उष्माघाताचा धोका असतो. घरात गारवा ठेवण्याची कायम सोय नसल्यास अशा जाती पाळू नयेत.

शेतातील घराच्या राखणीसाठी गावठी कुत्रा बहुधा पुरेसा असतो. राखणीचे काम चावून नव्हे, तर भुंकून होते. परक्याची चाहूल वेळीच देणारा आणि मालकाने थांबविताच शांत होणारा कुत्रा चांगला राखणदार होय. लहान मुले असलेल्या घरात लॅब्रॅडॉर किंवा लहानपणापासून घरात वाढविलेले गावठी पिल्लू योग्य ठरते. लॅब्रॅडॉरला मात्र भरपूर व्यायाम लागतो आणि तो चटकन लठ्ठ होतो. अल्सेशियन व डॉबरमन हे बुद्धिमान व शिकविण्यास सोपे असले, तरी रोज काम व शिकवणूक न मिळाल्यास ते चिडखोर किंवा भित्रे बनतात. कारवान कुत्र्यास आखूड केसांमुळे येथील उष्णता मानवते आणि तो मालकाशी एकनिष्ठ असतो. परंतु त्यास रोज मोकळ्या पण कुंपण असलेल्या जागेत पळू देणे आवश्यक असते. अंगण नसलेल्या घरात किंवा काळविटांचा वावर असलेल्या माळालगत तो मोकळा पाळणे इष्ट नाही. येडशी-रामलिंग घाट अभयारण्याच्या परिसरातही ही दक्षता घ्यावी लागते. ज्यास दिवसातून तासभरही देता येत नाही, त्याने कुत्रा न पाळणे हीच योग्य निवड होय. कुत्र्याचे आयुष्य साधारणपणे १० ते १४ वर्षे असते आणि जबाबदारीही तेवढाच काळ राहते.

शेळ्यांची राखण : उस्मानाबादी ही प्रसिद्ध शेळी मूळची ह्याच भागातील असून अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांस ती मोठा आधार आहे [⟶ शेळी]. लांडगा व मोकाट कुत्री यांपासून कळपाचे रक्षण करणे हे कुत्र्याचे महत्त्वाचे काम ठरते. पाश्चात्त्य देशांतील काही कुत्रे मेंढ्या हाकण्याचे काम करतात. दख्खनमधील मेंढपाळाच्या कुत्र्याचे काम मात्र मुख्यतः कळपाबरोबर राहून इशारा देण्याचे असते. ह्यासाठी पिल्लू सु. आठ आठवड्यांचे असल्यापासून शेळ्यांजवळ ठेवतात. करडांमागे पळण्याचा त्याचा प्रयत्न प्रत्येक वेळी ताबडतोब थांबवितात आणि शांतपणे बसल्यावर त्यास खाऊ देतात. कळपास आपला मानणारे पिल्लू मोठेपणी त्यापासून दूर जात नाही. पाठलागाची प्रवृत्ती तीव्र असल्यामुळे कारवान कुत्रा ह्या कामास सहसा उपयुक्त नसतो.

बिबट्याचा वावर असलेल्या भागात रात्री उघड्यावर बांधलेला कुत्रा स्वतःच भक्ष्य ठरतो. अहमदनगर (सध्याचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या मानाने सर्वांत मोठा वाटा, ३९ टक्के, पाळीव कुत्र्यांचा आढळला. अशा ठिकाणी रात्री कुत्र्यास दार असलेल्या गोठ्यात ठेवावे.

पिल्लाची पारख : पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ राहणे आवश्यक असते. भावंडांशी खेळताना किती जोराने चावावे हे ते ह्याच काळात शिकते. कुत्र्यांची पैदास व विक्री यांसंबंधीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लाची विक्री करता येत नाही. निवड करताना शक्य तर आई पाहावी. तिचा भित्रेपणा वा आक्रमकता पिल्लांत उतरण्याचा संभव असतो. स्वच्छ डोळे व नाक, चमकदार केस, घट्ट विष्ठा आणि जंतांमुळे फुगलेले नसलेले पोट ही निरोगीपणाची लक्षणे होत. टाळीच्या आवाजाने दचकणारे पण लगेच सावरून जवळ येणारे पिल्लू घरगुती पालनास उत्तम. कोपऱ्यात दबून बसणारे आणि इतरांवर सतत तुटून पडणारे अशी दोन्ही पिल्ले नवख्या पालकाने टाळावीत.

प्रशिक्षण : पिल्लाच्या आयुष्यातील सु. तिसरा ते बारावा-चौदावा आठवडा हा सामाजीकरणाचा काळ होय. ह्या काळात ज्यांच्याशी सुखद परिचय होतो, त्यांना कुत्रा पुढे घाबरत नाही. म्हणून मुले, वृद्ध, काठी घेतलेली माणसे, बैल, शेळ्या, मोटारसायकल, ट्रॅक्टर, फटाक्यांसारखे आवाज यांची ओळख हळूहळू व दुरून करून द्यावी. लसीकरण पूर्ण होईपर्यंत मात्र त्यास मोकाट कुत्र्यांपासून दूर ठेवावे.

ज्या कृतीचे फळ चांगले मिळते, ती कृती प्राणी पुन्हा करतो, ह्या तत्त्वावर शिकवणूक आधारलेली असते. बक्षीस कृतीनंतर एकदोन सेकंदांत मिळाले पाहिजे. उशिरा दिलेल्या बक्षिसाचा वा शिक्षेचा संबंध कुत्र्यास लावता येत नाही. घरात केलेल्या घाणीबद्दल तासाभराने मारल्यास कुत्रा स्वच्छता शिकत नाही, फक्त मालकास भिऊ लागतो. उलट खाल्ल्यावर, झोपून उठल्यावर व खेळल्यावर त्यास लगेच ठरावीक जागी नेल्यास आणि तेथे विधी उरकताच शाबासकी दिल्यास काही आठवड्यांत सवय लागते.

‘ये’, ‘बस’, ‘थांब’ व ‘सोड’ ह्या चार आज्ञा सर्वांत उपयुक्त आहेत. घरातील सर्वांनी एका कृतीसाठी एकच शब्द वापरावा. एकाने ‘बस’ व दुसऱ्याने ‘खाली बस’ म्हटल्यास कुत्रा गोंधळतो. पाठ पाच ते दहा मिनिटांचा असावा व दिवसातून दोन-तीनदा घ्यावा. प्रथम घरात, नंतर अंगणात व शेवटी रस्त्यावर असा क्रम ठेवावा. ‘ये’ म्हणून बोलावून कधीही शिक्षा करू नये. तसे केल्यास कुत्रा जवळ येणे टाळू लागतो. कारवानसारख्या कुत्र्यास ही आज्ञा लांब दोरीवर अनेक महिने शिकवावी लागते, कारण पळते जनावर दिसल्यावर हाकेकडे त्याचे लक्ष राहत नाही.

कुत्रा तिखट व्हावा म्हणून त्यास दिवसभर साखळीने बांधणे, डिवचणे किंवा तिखट खाऊ घालणे ह्या रूढ समजुती घातक आहेत. त्यामुळे दक्षता वाढत नाही, तर भीती वाढते. आणि भ्यालेला कुत्रा घरच्या मुलासही चावतो.

विशेष प्रशिक्षण : महाराष्ट्रात जिल्हा पोलीस दलांची श्वानपथके असून पुणे येथील राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या केंद्रात गुन्हेशोध व स्फोटकशोध यांसाठी कुत्र्यांना शिकविले जाते. मुंबईतील १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर स्फोटके शोधून काढणारा झंजीर हा लॅब्रॅडॉर कुत्रा विशेष गाजला. तो २००० मध्ये मृत्यू पावला. मीरत येथील सैन्याच्या केंद्रात २०१६ मध्ये मुधोळ पिल्लांना प्रशिक्षण देण्याचा प्रयोग सुरू झाला. अशा प्रशिक्षणात प्रत्येक कुत्र्यास ठरावीक हस्तक असतो व दोघे मिळूनच शिकतात. घरगुती श्वानपालनासही हे तितकेच लागू पडते. पालकाचे वागणे बदलल्याशिवाय कुत्र्याचे वागणे बदलत नाही.

आहार व आरोग्य : केवळ भाकरी व ताक यांवर वाढणाऱ्या पिल्लास प्रथिने कमी पडतात, अंडी, शिजवलेले मांस वा डाळ यांची जोड द्यावी. शिजवलेली हाडे, कांदा व चॉकलेट देऊ नये. जिल्ह्यात द्राक्षबागा आहेत. द्राक्षे व मनुका यांमुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, हे तेथील पालकांनी विशेष लक्षात ठेवावे. जंतनाशक, गोचीडनियंत्रण आणि पार्व्हो व डिस्टेंपर ह्या विषाणुरोगांवरील लसी आवश्यक आहेत.

सर्वांत गंभीर प्रश्न पिसाळ रोगाचा (अलर्क रोग, रेबीज) आहे. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो आणि माणसांना होणाऱ्या ह्या रोगाचे सु. ९९ टक्के प्रकार कुत्र्यांपासून उद्भवतात. पिल्लास तीन महिन्यांच्या सुमारास पहिली लस देऊन पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने ठरावीक काळाने ती पुन्हा टोचावी लागते. कुत्रा चावल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना वा मिरची लावू नये आणि विनाविलंब रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते. जखम खोल असल्यास लशीबरोबर प्रतिपिंडयुक्त औषधही जखमेत टोचावे लागते.

कायदा व जबाबदारी : प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमानुसार नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्यास पुरेसा व्यायाम न देणे आणि कोणताही प्राणी वाजवी कारणाविना सोडून देणे हे गुन्हे आहेत. मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण स्थानिक संस्थांनी करावे, अशी तरतूद २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत आहे. मोकाट कुत्र्यांच्या संख्येत, न पेलल्यामुळे सोडून दिलेल्या पाळीव कुत्र्यांची व त्यांच्या नकोशा पिल्लांची भर पडत असते. पैदास करावयाची नसलेल्या कुत्र्याचे निर्बीजीकरण केल्यास ही भर थांबते. तसेच नर भटकण्याचे प्रमाण कमी होते आणि मादीस गर्भाशयाच्या जंतुसंसर्गाचा धोका राहत नाही. कारवानसारख्या स्थानिक जातीची पैदास मात्र निवडक व निरोगी जोड्यांपुरती आणि पिल्लांना योग्य घरे मिळण्याची खात्री असेल तेव्हाच करणे हिताचे ठरते.