कोलकात्याचे धुरके

हिवाळा हा कोलकात्याचा लाडका ऋतू. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात उत्तरेचा वारा सुटला, की घामाने त्रासलेले हे महानगर सुखावते. मिठाईच्या दुकानांत खजुरीच्या नव्या गुळाचे, म्हणजे ‘नोलेन गुड’चे संदेश मांडले जातात, मैदानावर क्रिकेटचे डाव रंगतात, पुस्तकमेळ्याचे वेध लागतात. याच ऋतूत पहाटे हुगळीच्या काठी उभे राहिले, तर हावडा पुलाचे पलीकडचे टोक अनेकदा दिसत नाही. बंगाली माणूस याला ‘धोंयाशा’ म्हणतो. ‘धोंया’ म्हणजे धूर आणि ‘कुयाशा’ म्हणजे धुके. मराठीत धूर आणि धुके मिळून ‘धुरके’ झाले, अगदी तशीच ही घडण.

जून २०२३ मध्ये कॅनडातील वणव्यांच्या धुराने न्यूयॉर्कचे आकाश नारिंगी झाले आणि त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली. इंडोनेशियातील १९९७ आणि २०१५ चे वणवे, ऑस्ट्रेलियातील २०१९-२० चे वणवे यांनीही शेकडो किलोमीटर दूरच्या शहरांचा श्वास कोंडला होता. कोलकात्यापासून सुमारे दोनशे किलोमीटरवर असलेल्या ओडिशातील सिमलीपालच्या जंगलातही २०२१ च्या वसंतात मोठी आग भडकली होती. तथापि, कोलकात्याचे दुखणे एखाद्या मोठ्या वणव्याचे नाही. येथे वर्षानुवर्षे हजारो लहान लहान विस्तव जळत आले आहेत. वणवा बातमीचा विषय होतो; शेगडी, भट्टी, कचऱ्याचा ढीग आणि वाहनाची नळी यांचा धूर मात्र सवयीचा होऊन जातो. शरीराला हा भेद कळत नाही. लाकूड जंगलात जळो वा चुलीत, त्यातून निघणारे अतिसूक्ष्म कण पुष्कळसे एकाच जातीचे असतात.

धुरावरचा जुना कायदा

धुराविरुद्ध कायदा करणाऱ्या जगातील आरंभीच्या शहरांत कोलकात्याची गणना करावी लागेल, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. राणीगंजचा कोळसा जवळ, १८५५ मध्ये तेथवर पोहोचलेली रेल्वे, त्याच वर्षी रिश्रा येथे उभी राहिलेली पहिली ताग गिरणी आणि हुगळीच्या दोन्ही तीरांवर वाढत गेलेली धुराड्यांची रांग, अशी त्या काळाची स्थिती होती. १८६३ मध्येच शहर व उपनगरांतील भट्ट्यांच्या धुराला आळा घालणारा कायदा झाला, परंतु तो फारसा प्रभावी ठरला नाही. पुढे व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांनी राजधानीचे आकाश काळवंडत असल्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली. ज्या शहरात आपण मकराण्याच्या शुभ्र संगमरवराचे व्हिक्टोरिया स्मारक उभारू पाहतो, त्या शहरात काजळी नको, हा विचारही त्यामागे असावा. इंग्लंडहून तज्ज्ञ बोलावले गेले आणि १९०५ मध्ये ‘बंगाल धूर-उपद्रव कायदा’ संमत झाला. मुंबईत तसाच कायदा येण्यास १९१२ साल उजाडावे लागले.

या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी आयोग नेमण्यात आला, निरीक्षक नेमण्यात आले. धूर मोजण्याचे त्यांचे साधन होते रिंगेलमान या फ्रेंच प्राध्यापकांच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता. पांढऱ्या कागदावर कमी-अधिक जाडीच्या काळ्या रेषांच्या जाळ्या छापलेल्या असतात. दूर अंतरावरून त्या राखाडी छटांसारख्या दिसतात. निरीक्षकाने धुराड्यातून निघणाऱ्या धुराची छटा तक्त्यातील छटेशी ताडून पाहायची आणि शून्य ते पाच यांपैकी अंक नोंदवायचा. शून्य म्हणजे धूर नाही, पाच म्हणजे ठार काळा. पद्धत सोपी आणि स्वस्त होती. शिवाय अर्धवट जळालेला काळा धूर म्हणजे वाया गेलेला कोळसा, हे गिरणीमालकाला पटवून देणेही अवघड नव्हते. व्यापाऱ्याला नफ्याच्या भाषेत सांगितलेली गोष्ट लवकर उमगते.

मात्र कायद्याच्या व्याख्येतच एक मोठी फट ठेवलेली होती. दहनभूमीतील अग्नी आणि खासगी घरातील चूल या दोहोंना ‘भट्टी’च्या व्याख्येतून वगळले होते. धार्मिक भावना आणि घराची खासगी मर्यादा लक्षात घेता, परकी सरकारने तेथे हात न घालणे समजण्यासारखे आहे. परिणाम असा झाला, की गिरणीच्या धुराड्यावर निरीक्षकाची नजर राहिली आणि गल्लोगल्लीच्या ‘उनून’वर कोणाचीच नाही. उनून म्हणजे बंगाली घरातील शेगडी, पुष्कळदा जुन्या बादलीला आतून माती लिंपून केलेली. तीत कोळसा, कोळशाच्या भुकटीचे वाळवलेले ‘गुल’ आणि पेटवणासाठी गोवऱ्या, म्हणजे ‘घुंटे’. दिवेलागणीला गृहिणी ती पेटवून गल्लीत किंवा ओसरीत आणून ठेवत आणि धूर ओसरला की आत नेत. घर धुरापासून वाचे. गल्ली वाचत नसे. हिवाळ्याच्या संध्याकाळी साऱ्या वस्तीतील उनून जवळपास एकाच वेळी पेटत.

लंडनलाही हीच फट नडली. डिसेंबर १९५२ च्या पाच ते नऊ तारखांदरम्यान घरोघरच्या कोळशाच्या धुराने आणि धुक्याने ते शहर झाकोळले. आरंभी मृतांचा अंदाज सुमारे चार हजार होता. पुढील अभ्यासांत तो बारा हजारांपर्यंत गेला. त्यानंतर १९५६ मध्ये झालेल्या कायद्याने घरातील शेकोटीलाही नियमांच्या कक्षेत आणले. कोलकात्यात उनून मागे पडला तो कायद्यामुळे नव्हे. रॉकेलचा स्टोव्ह आणि त्यापाठोपाठ गॅसची टाकी आली, म्हणून तो हळूहळू हटला. रस्त्याकडेच्या खाद्यविक्रेत्यांकडे आणि इस्त्रीवाल्यांकडे कोळसा त्यानंतरही टिकून राहिला.

डोळ्यांना न दिसणारा शत्रू

रिंगेलमानचा तक्ता डोळ्यांवर विसंबून होता. जो धूर काळा तो वाईट, जो दिसत नाही तो नाहीच, हे त्यामागचे गृहीत होते. आज विज्ञानाची मुख्य चिंता ज्या कणांविषयी आहे, ते एकेकटे डोळ्यांना दिसूच शकत नाहीत. अडीच मायक्रोमीटर वा त्याहून कमी व्यासाच्या या कणांना ‘पीएम २.५’ म्हणतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाडीचा धरला, तर हे कण त्याच्या अठ्ठाविसाव्या भागाहूनही बारीक ठरतात. नाकातील केस आणि घशातील ओलसर अस्तर मोठी धूळ अडवतात. हे कण मात्र फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि त्यांतील सर्वांत बारीक कण रक्तातही उतरतात. म्हणूनच धुराचा त्रास खोकला आणि दम्यापुरता मर्यादित राहत नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुप्फुसाचा जुनाट अवरोधक आजार, कमी वजनाची बालके यांच्याशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बाहेरील हवेचे प्रदूषण हे मानवात कर्करोग घडवणारे असल्याचे जाहीर केले.

कोलकात्यातील चित्तरंजन राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. मानस रंजन राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर दीर्घकाळ काम केले. ग्रामीण बंगालमध्ये लाकूड व गोवऱ्यांवर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया आणि गॅसवर स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया यांची तुलना त्यांनी केली. थुंकीच्या तपासणीत, फुप्फुसातील सफाईचे काम करणाऱ्या पेशी पहिल्या गटात काळ्या कणांनी अधिक भरलेल्या आढळल्या. सिगारेटला कधी हातही न लावलेल्या या स्त्रिया होत्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादेनुसार पीएम २.५ चे वार्षिक प्रमाण घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असू नये. भारताच्या २००९ च्या मानकांत ही मर्यादा ४० आहे. या दोन आकड्यांमधील अंतरावर वाद घालता येईल. भारतासारख्या देशाला एकदम ५ गाठणे शक्य नाही, हेही खरे. परंतु मानकाच्या आत असलेली हवा म्हणजे निर्धोक हवा, असा अर्थ मात्र काढता येत नाही.

हिवाळ्यातच हे संकट का वाढते? उन्हाळ्यात बंगालच्या उपसागरावरून येणारा दक्षिणेचा वारा शहर झाडून काढतो. हिवाळ्यात वारा मंद आणि उत्तरेकडचा. गंगेच्या मैदानातील धूर तो सोबत आणतो. रात्री जमीन थंड होते, तिला लागून असलेली हवाही थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर बसतो. भांड्यावर झाकण ठेवावे तसा. त्याखाली शहराचा धूर साचत राहतो. याच सुमारास अमन भाताची कापणी होते. वर्धमान, हुगळी या जिल्ह्यांत यंत्राने कापणी झाली, की उंच खुंट उरतात. ते जाळण्याला तेथे ‘नाडा पोडानो’ म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात उसाचे पाचट पेटवणारा शेतकरी आणि हा शेतकरी यांची अडचण एकच आहे: पुढच्या पिकासाठी वेळ थोडा आणि मजुरी महाग.

जमाखर्चात न येणारा खर्च

अशा विस्तवांचा हिशेब कोणाच्याच ताळेबंदात नसतो. वीटभट्टीच्या खर्चात कोळसा, माती, मजुरी, कर्जावरील व्याज हे सारे येते. शेजारच्या वस्तीतील मुलाच्या औषधाचा खर्च येत नाही. तो त्या मुलाच्या वडिलांच्या बचत खात्यातून जातो. लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ मध्ये भारतात सुमारे १६.७ लाख मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी निगडित होते. अकाली मृत्यू आणि आजारपण यांमुळे बुडालेले उत्पादन सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपयांचे, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.३६ टक्के होते. त्याच अभ्यासातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. १९९० ते २०१९ या काळात घरातील धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर ६४ टक्क्यांनी घटला. बाहेरील सूक्ष्म कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर ११५ टक्क्यांनी वाढला. स्वयंपाकघरातील धूर सुटला, हे मोठेच यश होय. तोवर रस्ता बदलून गेला होता.

रस्त्याची लढाई कोलकात्यात न्यायालयातून झाली. पर्यावरण कार्यकर्ते सुभाष दत्त यांनी एकामागून एक याचिका दाखल केल्या. व्हिक्टोरिया स्मारकाच्या संगमरवराला धुराची झळ बसते, म्हणून परिसरातील वर्दळ कमी करण्याचे आदेश झाले आणि २००७ मध्ये पुस्तकमेळाही मैदानावरून हलला. दगडाची बाजू न्यायालयात माणसाच्या फुप्फुसाआधी ऐकली जावी, याचे आश्चर्य वाटते. २००८ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने पंधरा वर्षांहून जुनी व्यावसायिक वाहने हटवण्याचा आदेश दिला आणि १ ऑगस्ट २००९ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. ‘काटा तेल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भेसळयुक्त इंधनावर निळसर धूर सोडत धावणाऱ्या टू-स्ट्रोक रिक्षा गेल्या आणि एलपीजीवरील फोर-स्ट्रोक रिक्षा आल्या. रिक्षाचालकांसाठी हा बदल सोपा नव्हता. हातावर पोट असलेल्या माणसाला नवे वाहन म्हणजे नवे कर्ज. स्वच्छ हवेचा हप्ता सर्वप्रथम त्यांनी भरला, याची नोंद शहराने ठेवायला हवी.

तरीही नोव्हेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने कोलकाता व हावड्याच्या हवेबाबत आदेश न पाळल्याबद्दल राज्य सरकारला पाच कोटी रुपये भरण्यास सांगितले. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोलकात्याचा समावेश आहे. कोणता धूर किती, हे शोधण्याचे काम राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेकडे दिले, ही मराठी वाचकांना जवळची वाटणारी गोष्ट. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्रीय अधिसूचनेने वीटभट्ट्यांना कोळसा कमी लागणारी ‘झिगझॅग’ पद्धत किंवा नैसर्गिक वायू यांचा अवलंब करणे बंधनकारक केले. धापा येथील कचराभूमीवर अधूनमधून धुमसणारा कचरा हा आणखी एक विस्तव. जानेवारी २०१६ मधील देवनारची आग आठवणाऱ्या मुंबईकरास त्याचे वेगळे वर्णन करून सांगावे लागणार नाही.

घरातला विस्तव अद्याप पुरता विझलेला नाही. बंद खोलीत एक डासांची अगरबत्ती रात्रभर जळली, तर तिच्यातून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडतात, असे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. मच्छरदाणी हा जुना उपाय त्यामानाने निरुपद्रवी. संध्याकाळी ‘धुनो’, म्हणजे राळेचा धूप, घालण्याची बंगालमधील प्रथा श्रद्धेची आहे. खिडकी उघडी ठेवून ती पाळता येते. घरात दमेकरी वा तान्हे मूल असेल, तर एवढे पथ्य हवेच. दाट धुरक्याच्या दिवशी बाहेर पडणे अपरिहार्य असल्यास चेहऱ्यावर नीट बसणारा ‘एन-९५’ मुखपट्टा उपयोगी पडतो. रुमाल किंवा साधा कापडी पट्टा सूक्ष्म कणांना फारसा अडवत नाही.

पहाटेच्या फेरफटक्याबाबतही थोडा विचार करावा. हिवाळ्यात सूर्योदयापूर्वीची हवा शुद्ध असते, हा समज रूढ आहे. प्रत्यक्षात रात्रभर साचलेला धूर त्या वेळी जमिनीलगत असतो आणि ऊन चढून वरचा थर मोडला म्हणजेच तो विरू लागतो. ज्येष्ठांनी आणि हृदयरोग्यांनी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फिरण्याची वेळ थोडी पुढे ढकललेली बरी. निर्देशांक २०० च्या वर, म्हणजे ‘वाईट’ श्रेणीत असेल, त्या दिवशी घरातच व्यायाम करावा. कोलकात्यातील स्वयंचलित केंद्रांचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या मोबाइल सुविधेवर पाहता येतात. बालीगंज, जादवपूर, फोर्ट विल्यम, व्हिक्टोरिया, बिधाननगर आणि रवींद्र भारती विद्यापीठ यांच्याबरोबरच, सकाळच्या फेरफटक्यासाठी लोकप्रिय असलेल्या रवींद्र सरोवराच्या काठीही असे एक केंद्र आहे.