फुकटचं यान, लाखमोलाचा धडा

शुक्रवारची रात्र. जेवण उरकलेलं, मोबाईल सायलेंटवर आणि मी अंतराळात. समोर स्क्रीनवर माझ्या नव्याकोऱ्या कोब्रा मार्क थ्रीचे तुकडे तरंगतायत. आणि गेम थंडपणे विचारतोय, इन्शुरन्सची रक्कम भरून यान परत घेणार, की फुकटातल्या साइडवाइंडरवर परत जाणार?

खात्यात जेमतेम दोन हजार क्रेडिट्स. लागणार होते साडेसतरा हजार. म्हणजे बाकीचं गेमकडून कर्ज घ्या, आणि मग प्रत्येक कमाईतून हप्ता कापून द्या. म्हटलं, बॉस, ईएमआय भरून उरलेला पगार मी दर महिन्याला बघतेच. आता चौतिसाव्या शतकातही तेच?

गेमचं नाव 'एलीट डेंजरस'. ब्रिटनमधल्या केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने तो डिसेंबर २०१४ मध्ये आणला. डेव्हिड ब्रेबन आणि इयान बेल यांच्या १९८४ च्या 'एलीट'चा हा वारसदार. आपल्या आकाशगंगेची खऱ्या मापाची प्रतिकृती, त्यात सुमारे ४०,००० कोटी तारामंडलं! व्यापार करा, चाचेगिरी करा, नाहीतर नुसतं भटका. 'आता हे कर' असं सांगणारा बॉस इथे नाही. सुरुवातीला हातात मिळतं ते साइडवाइंडर नावाचं चपटं, पाचरीसारखं छोटं यान. गंमत म्हणजे १९८४ च्या गेममध्ये खेळाडूकडे कोब्रा असायचं आणि साइडवाइंडर शत्रूकडे!

कागदावर काय आहे?

खरं सांगायचं तर फार काही नाही. किंमत ३२,००० क्रेडिट्स. दोन छोट्या लेझर गन्स. माल मावणार चार टन. एका उडीत पल्ला साधारण साडेसात प्रकाशवर्षं, म्हणजे लांबच्या प्रवासाला थांबत थांबत जाणारी पॅसेंजरच. टाकीत इंधन दोन टन, आणि ताऱ्याजवळून इंधन ओढून घेणारं फ्युएल स्कूप मुळात बसवलेलं नसतं. विसरलात की अडकलात! (अडकलातच तर 'फ्युएल रॅट्स' नावाचे खेळाडू २०१५ पासून फुकट इंधन आणून देतात. देव त्यांचं भलं करो.)

ही यादी वाचून मीही तेच केलं जे सगळे नवशिके करतात. पै-पै जोडली आणि पहिल्या संधीला उडी मारली थेट ३,४९,७१८ क्रेडिट्सच्या कोब्रावर. उरलेल्या पैशांत मालही भरला. वाटेत चाच्याने सुपरक्रूझमधून खेचून बाहेर काढलं, मी हिरोगिरी करत लढत बसले, आणि पाच मिनिटांत खेळ खल्लास.

कागदावर नसलेली गोष्ट

इन्शुरन्सचा फंडा असा : यान फुटलं की त्याच्या किमतीच्या ५ टक्के भरायचे, यान परत मिळतं. आतला माल मात्र गेला तो गेलाच. कोब्राचे ते ५ टक्केच माझ्याकडे नव्हते. आणि साइडवाइंडरचे? शून्य. दहा वेळा फोडा, अकराव्यांदाही मूळ साइडवाइंडर फुकटच.

मी कर्ज नाकारलं आणि फुकटचं यान घेतलं. पहिले दोन दिवस लाज वाटली. मग लक्षात आलं की आता मी बिनधास्त चुकतेय. गोल गोल फिरणाऱ्या स्टेशनच्या चिंचोळ्या फटीतून आत शिरणं? चारदा आपटले, पाचव्यांदा जमलं. साडेसात किलोमीटरच्या आत आल्यावर लँडिंगची परवानगी मागायची आणि आत शिरताना वेग शंभरच्या खाली ठेवायचा, हे हाताला बसलं. ग्रहाजवळ पोचताना थ्रॉटल निळ्या पट्ट्यात ठेवला की यान पुढे निघून जात नाही, हेही.

आणि चाचे? ते परत आलेच. या वेळी मी थ्रॉटल शून्यावर आणून शरणागती पत्करली, सगळी पॉवर शील्ड आणि इंजिनला दिली, बूस्ट मारला आणि सुसाट पळाले. शरण गेलं की पुढच्या उडीसाठी यान लवकर तयार होतं. कोब्रात असताना हेच करायला हवं होतं. पण तेव्हा गमावायला खूप होतं, म्हणून डोकं चाललंच नाही.

कमाईही होते. एका स्टेशनहून दुसऱ्या स्टेशनला डेटा पोचवायच्या कुरिअर मिशन्सना मालाची जागाच लागत नाही. खाणींच्या भागात पोलीस गुन्हेगाराला घेरतात, तेव्हा तुम्हीही दोन लेझर मारा आणि बक्षीस खिशात घाला. फक्त आधी स्कॅन करून 'वॉन्टेड' आहे ना बघा, नाहीतर पोलीस तुमच्याच मागे.

मग निकाल काय?

वेगात, पल्ल्यात, ताकदीत साइडवाइंडर मार खातं. पण नवशिक्याच्या यानाला मार्क द्यायचे तर प्रश्न वेगळा हवा : यात चुकायची किंमत किती? त्यात या यानाला दहापैकी दहा. आपण ड्रायव्हिंग शिकलो ते काकांच्या जुन्या, चारी बाजूंनी पोचे आलेल्या गाडीवर. शोरूममधून आणलेल्या गाडीवर कोणी शिकवलं असतं का?

कोब्रा मी नंतर पुन्हा घेतलं. पण या वेळी यानाची किंमत अधिक इन्शुरन्सचे निदान दोन हप्ते खात्यात जमल्यावर. माल भरायचा तो त्याच्या वरच्या पैशांतून.

परवा खऱ्या कारचं ब्रोशर घेऊन बसले होते. ईएमआयच्या आकड्याखाली पेनने एकच ओळ लिहिली : ही ठोकली तर परत उभी करायला पैसे आहेत का?

ब्रोशर सध्या ड्रॉवरमध्ये आहे.