उघड्या शटरची तीन दशकं

मार्च १९९६ मध्ये हयाकुताके नावाचा धूमकेतू पृथ्वीपासून अवघ्या दीड कोटी किलोमीटरवरून गेला. जपानच्या युजी हयाकुताके यांना तो जानेवारीच्या अखेरीस द्विनेत्रीतून सापडला होता. त्यानंतर जेमतेम आठ आठवड्यांत तो आपल्या उत्तरेच्या आकाशात ध्रुवाजवळून सरकताना साध्या डोळ्यांनी दिसू लागला. त्याची शेपटी इतकी लांबवर पसरली होती, की कुठल्याही मोठ्या दुर्बिणीत ती मावेना. मावली ती लग्नमुंजीचे फोटो काढायच्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्समध्ये. रात्रीच्या आकाशाचे फोटो काढणाऱ्या आमच्यापैकी अनेकांची सुरुवात त्या आठवड्यातली आहे.

तेव्हाचं सामान आजच्या मुलांना दाखवलं तर त्यांना आश्चर्य वाटतं. पेंटॅक्स के-१०००, निकॉनचा एफएम-२ किंवा रशियन झेनिट, एक जडसा ट्रायपॉड, केबल रिलीज आणि ४०० स्पीडचा ३६ फोटोंचा रोल. या कॅमेऱ्यांचं शटर पूर्ण यांत्रिक होतं. ‘बी’ म्हणजे बल्बवर चाक ठेवायचं, केबल दाबायची, तिचा छोटा स्क्रू आवळायचा, की शटर हवं तितका वेळ उघडं राहायचं. त्यासाठी बॅटरीचा थेंबही खर्च होत नसे. लेन्सचं कडं अनंताच्या खुणेपर्यंत फिरवलं की तिथे ते ठाम थांबायचं, म्हणजे अंधारात फोकसची चिंता नाही. दिवसाच्या फोटोग्राफीत मागे पडलेली ही यंत्रं रात्री मात्र सगळ्यांत भरवशाची होती.

अडचण होती फिल्मची. मंद प्रकाशात तिचं रसायन लवकर थकतं. चौपट वेळ शटर उघडं ठेवलं म्हणून चौपट उजेड साठत नाही. दुसरीकडे आकाश तासाला १५ अंश फिरतं. पाचशेला लेन्सच्या मिलिमीटरनी भागा, जे उत्तर येईल तितके सेकंद तारे ठिपक्यासारखे राहतात, हा जुना हिशेब. पन्नासच्या लेन्सला दहा सेकंद. त्याच्या पुढे ठिपक्याची रेघ व्हायला लागते, आणि फिल्मवर दहा सेकंदांत येणार ते ठळक तारे तेवढे. मग बहुतेक जण रेघाच पत्करत. कॅमेरा ध्रुवाकडे रोखायचा, अर्धा-पाऊण तास शटर उघडं ठेवायचं, आणि ध्रुवाभोवती कमानी उमटू द्यायच्या.

खरी कसोटी लॅबमध्ये लागायची. रोलचा पहिला फोटो भर उजेडात, घराचा नाहीतर माणसाचा काढायचा हा आमचा नियम होता, कारण काळ्या आकाशाच्या पट्टीत एक फोटो कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो हे कापणाऱ्याला कळत नसे. पाकिटावर ठळक अक्षरांत लिहायचं: ‘निगेटिव्ह कापू नये.’ प्रिंट काढणारं मशीन सगळ्या चित्राचा सरासरी उजेड बघतं; अंधारं आकाश म्हणजे कमी उजेडाचा बिघडलेला फोटो असं समजून ते त्याला उजळवतं, आणि काळ्याच्या जागी हिरवट-करडा चिखल येतो. काही वेळा काउंटरवरचा माणूस सरळ सांगायचा, की यात काहीच आलेलं नाही. मग ती पट्टी घरी आणून खिडकीच्या काचेवर धरायची. निगेटिव्हवर तारे काळे असतात. पारदर्शक पट्टीवर सुईच्या टोकाएवढे तीन काळे ठिपके एका ओळीत दिसले, की मृगाचा बाण सापडला. त्याच्या खालच्या बाजूला एक धूसर डाग असेल, तर तो मृगातला तेजोमेघ. मशीनला जे दिसलं नाही ते असं बोटांत धरून बघण्याचा आनंद मला पुढे कुठल्याही स्क्रीनवर तेवढा मिळाला नाही.

रेघा नको असतील तर आकाशाच्या मागोमाग कॅमेरा फिरवायला हवा. त्याची सगळ्यांत स्वस्त युक्ती स्कॉटलंडच्या जॉर्ज हेग यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती आपल्याकडच्या कुठल्याही सुताराला जमण्यासारखी आहे. प्लायवूडच्या दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या. बिजागरीचा दांडा ध्रुवाकडे रोखायचा. ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची म्हणजे त्या गावाचे अक्षांश, तेव्हा पुण्यात खालची पाचर साडेअठरा अंशांची, नागपुरात एकवीसची. बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर सहा मिलिमीटर जाडीचा बोल्ट बसवायचा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या या बोल्टचा आटा एक मिलिमीटरचा असतो. तो मिनिटाला बरोबर एक फेरा फिरवला, की कॅमेरा बसवलेली वरची फळी पृथ्वीच्या फिरण्याच्या वेगाने उघडते. हातातल्या घड्याळाकडे बघत दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा द्यायचा. पन्नासच्या लेन्सला सात-आठ मिनिटं तारे ठिपके राहतात, आणि तेवढ्यात आकाशगंगा फिल्मवर उतरते.

साध्या कॅमेऱ्याला कमी लेखणाऱ्यांना मला नेहमी जुना इतिहास सांगावासा वाटतो. धूमकेतूचा पहिला फोटो १८५८ मध्ये डोनाटीच्या धूमकेतूचा निघाला. तो काढला विल्यम अशरवूड या इंग्लंडमधल्या व्यावसायिक फोटोग्राफरने, माणसांचे फोटो काढायच्या लेन्सने. १८८२ च्या मोठ्या धूमकेतूच्या वेळी केप टाउनच्या वेधशाळेत डेव्हिड गिल यांनी गावातल्या फोटोग्राफरचा कॅमेरा दुर्बिणीवर बांधला. त्या कॅमेऱ्यातल्या काचांवर धूमकेतूच्या मागे इतके तारे उमटले, की फोटोंवरून ताऱ्यांची सूची करायची कल्पना तिथेच पुढे आली आणि अखेर साडेचार लाख ताऱ्यांची सूची तयार झाली. पुढे अमेरिकेत खगोलशास्त्रज्ञ बर्नार्ड यांनी लिक वेधशाळेत आकाशगंगेचे काळे पट्टे टिपले, तेही पोर्ट्रेट लेन्सनेच. एकाच वेळी रुंद आकाश बघणं ही मोठ्या दुर्बिणीची ताकद नाही.

हयाकुताकेनंतर वर्षभराने हेल-बॉप आला. १ एप्रिल १९९७ ला तो सूर्याच्या सर्वांत जवळ होता, त्यामुळे आपल्याकडे अगदी स्वच्छ आकाशाच्या दिवसांत संध्याकाळी वायव्येला दिसला. डोळ्यांना धुळीची पांढरी शेपटी दिसायची. वायूची निळी शेपटी फिल्मवर जास्त खुलून आली. फिल्मच्या काळातला हा सर्वांत मोठा हंगाम. मग १९९८ आणि २००१ चे सिंह राशीतले उल्कावर्षाव झाले, आणि त्यानंतर फिल्मचे दिवस भराभर सरले.

डिजिटलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो भाग सगळ्यांना माहीत आहे. २००३ मध्ये कॅननचा ३००डी हजार डॉलरच्या आत आला. २००७-०८ च्या सुमारास मागच्या स्क्रीनवर तारा मोठा करून फोकस लावता येऊ लागला. सर्वांत मोठा फरक पडला तो फोटो एकावर एक रचण्याने. दहा-दहा सेकंदांचे १६ फोटो रचले, की दाणेदारपणा एका फोटोच्या मानाने चौथ्या हिश्शावर येतो. फळी आणि बोल्टचं काम बरंचसं संगणकाकडे गेलं. २०१९ मध्ये गुगलच्या पिक्सेल फोनने हीच रचना स्वतःच्या पोटात, चार मिनिटांत करून दाखवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला आला, तेव्हा तो फोनवरही टिपता येत होता.

निसर्गाने आपल्याला एक मोठी देणगी दिली आहे. आकाशगंगेचा मध्यभाग लंडनहून क्षितिजावर जेमतेम दहा अंश चढतो. आपल्याकडे तो ४२ अंशांवर येतो. पण जून ते सप्टेंबर, म्हणजे संध्याकाळपासून तो दिसायच्या दिवसांत, आपल्यावर पावसाचे ढग असतात. जुलै २०२० चा निओवाइज धूमकेतू त्यामुळेच महाराष्ट्रात बहुतेकांच्या हातून निसटला. मार्चमध्ये मध्यरात्र उलटल्यावर आणि मेमध्ये रात्री नऊनंतर उगवणारा हा मध्यभाग टिपायचा, असा आमचा पंचांगातला मुहूर्त ठरलेला.

कॅमेरा दर वर्षी सुधारत गेला आणि अंधार दर वर्षी कमी होत गेला. सोडियमच्या दिव्यांचा उजेड बराचसा पिवळ्या पट्ट्यात असायचा आणि काही प्रमाणात गाळता यायचा. २०१५ पासून देशभर रस्त्यांवर एक कोटीहून अधिक एलईडी दिवे लागले. वीज वाचली, ती वाचायलाच हवी होती. पण पांढऱ्या उजेडातला निळा भाग हवेत जास्त विखुरतो आणि आकाश दुधाळ होतं. मुंबईच्या खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम ज्या वांगणीला होत आले, त्या पट्ट्यातही बदलापूर-नेरळच्या बाजूने वस्ती वाढतच गेली आहे. उतारा आहे आणि तो खर्चिक नाही. पेंच व्याघ्र प्रकल्पाचा महाराष्ट्रातला भाग जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं ‘डार्क स्काय पार्क’ ठरला, त्यासाठी आजूबाजूच्या गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले गेले.

म्हणूनच मला आता त्या जुन्या निगेटिव्हचं मोल जास्त वाटतं. आम्ही फोटो काढले ते ताऱ्यांचे, पण त्यात मावळातल्या, कोकणातल्या, मराठवाड्यातल्या एकेका गावाचा त्या वर्षीचा अंधारही नोंदला गेला आहे, आणि त्याची दुसरी नोंद बहुतेक ठिकाणी नाही. हार्वर्डने आकाशाच्या फोटोंच्या जुन्या काचांचा पाच लाखांहून मोठा साठा जपला, म्हणून शंभर वर्षांपूर्वी एखादा तारा किती तेजस्वी होता हे आज तपासता येतं. फोनवरच्या चित्रणांचंही तसंच. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी विदर्भावरून पेटते तुकडे गेले आणि सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला धातूचं कडं पडलं. तो चिनी रॉकेटचा अवशेष, असं अभ्यासकांनी सांगितलं. लोकांनी फोनवर घेतलेल्या चित्रणांतही वेळ आणि दिशा धरून ठेवलेली असते, आणि अशा अभ्यासात तेच उपयोगी पडतं.

माझी विनंती एवढीच आहे. कपाटातली जुनी पाकिटं काढा. निगेटिव्ह न उजळवता स्कॅन करून घ्या. जागा, तारीख, वेळ, लेन्स, अपर्चर, शटर किती मिनिटं उघडं होतं आणि फिल्म कोणती होती, हे आठवतं तोवर लिहून ठेवा. मग अमावास्येच्या आसपास त्याच महिन्यात, त्याच जागेवरून, त्याच दिशेचा फोटो पुन्हा काढा. दोन्हींत ओळखीचे पाच-सहा तारे धरून त्यांच्या मानाने मागचं आकाश किती उजळ आहे हे मोजता येतं, आणि हे मोजमाप घेऊन ग्रामपंचायतीत दिव्यांना टोप्या बसवायची मागणी करता येते.