सात खोल्या आणि बावीस एकर

काही किल्ले हॉटेलांसाठी भाडेपट्ट्याने देण्याच्या राज्य सरकारच्या २०१९च्या धोरणावर उठलेले वादळ शिवकालीन किल्ले त्यातून वगळल्याच्या खुलाशानंतर शमले. जुलै २०२५मध्ये खांदेरी किल्ला जागतिक वारसा यादीत गेला आणि रायगडच्या किनाऱ्यावर येणाऱ्यांचा मुक्काम कुठे असावा, या प्रश्नाला पुन्हा धार आली.

किल्ल्यात हॉटेल चालवण्याचा जवळचा नमुना गोव्यातल्या तेरेखोलचा. पोर्तुगिजांनी १७४६मध्ये सावंतवाडीकरांकडून घेतलेल्या या किल्ल्यात आठवड्याच्या वारांची नावे दिलेल्या सात खोल्या करण्यात आल्या आणि अंगणातले सेंट अँथनीचे चर्च जागेवरच राहिले. तिथे हे जमले, कारण किल्ला लहान, खाडीकाठी आणि छपरासह उभा होता.

मुरूडजवळच्या समुद्रातल्या जंजिऱ्याचे तसे नाही. बावीस एकरांच्या या किल्ल्यात कधीकाळी पूर्ण वस्ती नांदत होती. सिद्दी सिरुलखानाचा वाडा अनेक मजली होता असे सांगतात. आज उरल्या आहेत त्या छप्पर नसलेल्या भिंती. गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव अजून आहेत, पण सांडपाणी नेणार कुठे? खडकात टाकी खोदायची तर पायाला हादरे, समुद्रात सोडायचे तर राजपुरीच्या कोळ्यांच्या जाळ्यात घाण. शिवाय विजेच्या तारा, स्वयंपाकघराचा धूर, आग लागल्यास बाहेर पडायची वाट. केंद्राच्या कायद्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या २०० मीटरांतही परवानगी लागते. हा निर्बंध जाचक वाटला, तरी जंजिऱ्याच्या हिताचाच आहे.

दुरुस्तीचा मुद्दा याहून नाजूक. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गावर खाऱ्या वाऱ्याने दगड झिजले, पण त्यांच्यामधला चुना मधाच्या पोळ्यासारखा जागेवर आहे. तीन शतकांपूर्वीच्या गवंड्यांच्या हातची ही कमाल पाहून थक्क व्हायला होते. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंट ती अडवते. मग मीठ दगडातच साचून त्याचे पापुद्रे सुटतात. हॉटेलचे काम घाईचे, चुना मुरायला मात्र वेळ लागतो. मुदतीच्या दडपणाखाली सिमेंटची पोती गडावर पोचली, तर ते नुकसान पुन्हा भरून निघत नाही.

जुनी वास्तू नव्याने वापरता येते, हे खरे. न्यूयॉर्कच्या १९३१च्या वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टोरिया हॉटेलात अलीकडेच जुन्या खोल्या कमी करून हॉटेलसोबत आलिशान घरे काढली गेली. पण ती वास्तू मुळातच मुक्कामासाठी बांधलेली होती. रायगडच्या किनाऱ्यावर तिच्याशी नाते जुळते ते चौल-रेवदंड्याच्या कौलारू वाड्यांचे आणि अलिबागच्या जुन्या बंगल्यांचे. त्यांना छप्पर आहे, विहीर आहे, दारापर्यंत रस्ता आहे. सरकारी सवलत द्यायची तर आधी त्यांच्या मालकांना, चुन्याच्या दुरुस्तीसाठी द्यावी. जंजिऱ्याला राजपुरीच्या शिडाच्या होडीने जावे, दिवस मावळण्यापूर्वी परतावे आणि रात्र मुरूडमध्ये काढावी.