शिवडीच्या चिखलातलं धन

मुंबईच्या शिवडीला समुद्र आहे, पण चौपाटी नाही. ओहोटी लागली की बंदरापुढे लांबवर काळा चिखल उघडा पडतो. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत त्यात फ्लेमिंगो चरतात. मेटल डिटेक्टर घेऊन किनाऱ्यावर जुनी नाणी शोधायचा छंद परदेशात जोरात आहे आणि ते यंत्र आता आपल्याकडेही घरबसल्या मागवता येतं. ते घेऊन कुणी या चिखलात उतरलं, तर हाती काय लागेल?

लागण्यासारखं पुष्कळ आहे. शिवडीचा किल्ला इंग्रजांनी १६८०च्या सुमारास बांधला. १६८९मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने इथेच सैन्य उतरवून तो जिंकला. पुढे या पूर्व किनाऱ्यावर गोद्या, वखारी, कापसाची गोदामं आली. दारूखाना भागात तर आजही जुनी जहाजं तोडली जातात.

आणि मग सोन्याची गोष्ट. १४ एप्रिल १९४४ रोजी, शिवडीच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजात कापसाच्या गासड्या, सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि ३१ पेट्यांत ८ लाख ९० हजार पौंड किमतीच्या सोन्याच्या विटा होत्या. कापसाला आग लागली आणि दुपारी चारनंतर दोन स्फोटांनी गोदी उडाली. शेकडो माणसं गेली. त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. सोन्याची एक वीट मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घरात पडली आणि त्यांनी ती सरकारजमा केली, असं सांगतात. बाकीच्या बऱ्याचशा विटा गाळ उपसताना सापडत गेल्या, अगदी १९७०च्या दशकापर्यंत. पण २०११मध्ये याच गोदीतून जिवंत तोफगोळाही निघाला. यंत्र वाजलं म्हणजे खाली सोनंच आहे, असं समजून कुदळ मारणाऱ्याने हे लक्षात ठेवावं.

यंत्राचं तत्त्व सोपं आहे. तारेच्या वेटोळ्यातून बदलता प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. जवळच्या धातूत त्यामुळे प्रवाह उमटतात आणि यंत्र ते टिपतं. १८८१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी असंच उपकरण वापरलं, पण गोळी सापडली नाही. शिवडीत अडचण दुहेरी. खारा चिखल स्वतःच वीजवाहक असल्याने साधं यंत्र उगाच वाजत राहतं, आणि जहाजांच्या भंगाराचे खिळे-पत्रे पावलोपावली. ‘पल्स’ पद्धतीची यंत्रं खाऱ्या पाण्यात बरी चालतात, पण तीही लोखंडाला फसतात. नदीच्या घाटांवर मुलं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात, तो उपायही इथे तोकडा. चुंबकाला आजचा स्टीलचा रुपया चिकटतो, चांदी-तांब्याचं जुनं नाणं नाही. शिवाय अशा चिखलात चांदी काळी पडते, लोखंड गंजून ढेकूळ होतं. सोनं तेवढं जसंच्या तसं राहतं.

समजा, सापडलंच काही. १८७८चा निखात निधी अधिनियम सांगतो की जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडला, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवलं पाहिजे. कळवलं नाही तर हिस्सा बुडतो आणि वर्षभरापर्यंत कैदही होऊ शकते. धन बेवारस ठरलं आणि जागेच्या मालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा आणि उरलेला मालकाचा. संरक्षित वास्तूच्या आवारात मात्र परवान्याशिवाय खणणं हाच गुन्हा.

हे कायदे कटकटीचे वाटतील. पण नाशिकजवळचं जोगलटेंभी आठवा. १९०६मध्ये तिथे चांदीच्या १३,२५०हून अधिक नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर क्षत्रप नहपानाच्या छापावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवल्याचा हा ढळढळीत पुरावा. ती नाणी सराफाकडे सुटी सुटी जाऊन वितळली असती, तर इतिहासाचं एक पानच कोरं राहिलं असतं.

लंडनमध्ये थेम्सच्या ओहोटीच्या चिखलातही हौशी लोक असंच शोधतात. तिथे मात्र बंदर प्राधिकरणाचा परवाना लागतो आणि ३०० वर्षांहून जुनी वस्तू नोंदवावी लागते. शिवडीलाही असा नोंदणीकृत मार्ग हवा. तोवर चिखलात काही दिसलंच, तर घासून चकाकी आणू नका. जागा नेमकी टिपा, फोटो काढा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा. तोफगोळ्यासारखं काही असेल तर हात न लावता आधी पोलिसांना बोलवा. जागेची नोंद नसेल, तर जुनं नाणं फक्त वजनाच्या भावाचं.