मेंदूतील विरामचिन्हे

वाक्य कोठे सुरू झाले हे कळणे जितके आवश्यक, तितकेच ते कोठे संपले हे कळणेही आवश्यक असते. पूर्णविराम नसेल तर एका वाक्यात दुसरे मिसळते आणि अर्थ हरवतो. मेंदूतील संदेशवहनालाही असाच वेळेवर विराम लागतो. हा विराम देण्याचे मोठे काम चेतापेशींच्या आवरणातील पोटॅशियमचे मार्ग करतात.

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात. एका पेशीचा तंतू दुसरीजवळ येऊन जेथे संपतो, त्या संधिस्थानाला सिनॅप्स म्हणतात. तेथे दोन पेशींमध्ये सुमारे २० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी फट असते. बहुतेक ठिकाणी विद्युतसंदेश ही फट ओलांडू शकत नाही. पलीकडे निरोप पोहोचवतात ती रसायने. त्यांना चेतापारेषक म्हणतात. तंतूच्या टोकाशी असलेल्या सूक्ष्म पुटिकांमध्ये ती साठवलेली असतात.

विश्रांत अवस्थेत चेतापेशीचा आतील भाग बाहेरच्या तुलनेने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असतो. संदेश येताच सोडियमचे धनभारित आयन आत शिरतात आणि क्षणभर आतील बाजू धन होते. ही लाट तंतूच्या टोकाशी पोहोचली की तेथील कॅल्शियमचे मार्ग उघडतात. आत आलेल्या कॅल्शियममुळे पुटिका पेशीच्या आवरणाशी एकरूप होतात आणि त्यांतील रसायन फटीत मोकळे होते.

हा स्राव थांबवायचा कसा? पेशीच्या आत पोटॅशियमचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा पुष्कळ जास्त असते. सोडियमच्या मागोमाग, किंचित उशिराने, पोटॅशियमचे मार्ग उघडतात. धनभार घेऊन पोटॅशियम बाहेर पडते, आतील बाजू पुन्हा ऋण होते आणि कॅल्शियमचे मार्ग मिटतात. काही पोटॅशियम मार्ग तर विद्युतदाबाबरोबरच कॅल्शियमची चाहूल लागूनही उघडतात. म्हणजे ज्या कॅल्शियममुळे स्राव सुरू होतो, तेच त्याच्या समाप्तीलाही हातभार लावते.

हा सारा व्यवहार एक-दोन सहस्रांश सेकंदांत आटोपतो. तरीही त्यातील अल्पसा विलंब मोठा ठरतो. बेडकाच्या चेता-स्नायू संधीवर १९६७ साली केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की कॅल्शियम कमी असताना ते दुप्पट केले तर स्राव दुपटीने नव्हे, तर सुमारे सोळापटीने वाढतो. म्हणून पोटॅशियमचे मार्ग थोडे उशिरा उघडले, तरी फटीत सांडणारे रसायन पुष्कळ वाढते.

चेतासंदेशातील सोडियम-पोटॅशियमचा हा क्रम हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड तंतूवर प्रयोग करून १९५२ साली मांडला. त्यासाठी त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९९८ साली रॉडरिक मॅकिनन यांनी एका जीवाणूतील पोटॅशियम मार्गाची त्रिमितीय रचना उलगडली. २००३ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी होते.

विराम हरवला तर काय होते, हे निसर्ग दाखवतो. आफ्रिकेतील मांबा सापाच्या विषातील डेंड्रोटॉक्सिन हे काही पोटॅशियम मार्ग बंद करते. त्यामुळे रसायनाचा स्राव वाढतो आणि झटके येऊ शकतात. अशाच एका मार्गाच्या जनुकातील दोषामुळे काही कुटुंबांत अधूनमधून तोल जाण्याचा आनुवंशिक विकार आढळतो. त्याचे कारण १९९४ साली स्पष्ट झाले.

परंतु हाच विराम जाणीवपूर्वक लांबवून रुग्णाला आधारही देता येतो. लँबर्ट-ईटन या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती तंतूच्या टोकावरील कॅल्शियमच्या मार्गांवरच हल्ला करते. स्नायूंपर्यंत पुरेसे रसायन पोहोचत नाही आणि रुग्णाला खुर्चीवरून उठणेही कठीण होते. अमिफँप्रिडिन हे औषध पोटॅशियमचे मार्ग अडवते. त्यामुळे संदेश किंचित लांबतो, उरलेल्या मार्गांतून अधिक कॅल्शियम आत येते आणि स्नायूंना बळ मिळते. मात्र मात्रा अधिक झाली तर याच औषधाने झटके येऊ शकतात.

विष आणि औषध यांच्यातील अंतर येथे केवळ प्रमाणाचे आहे. बोलणे जसे शब्दांइतकेच विरामांनी अर्थपूर्ण होते, तसे मेंदूचे कार्यही संदेश देण्याइतकेच तो योग्य क्षणी थांबवण्यावर अवलंबून असते.